भूतकाळातले धन्यवाद

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. कोंढा.

मनिषने नागपूरहून त्याच्या कंपनीची डायरी पाठवली. दहा महिने त्याच्या कपाटात पडून होती. वर्ष संपायला आल्यावर बापाला वर्षाची डायरी! पोटच्या पोराचा हा काळाचा हिशेब. असो. आजच्या तारखेच्या पानापासून लिहितो. मागची पाने कोरीच राहू देत, तसे त्यांत लिहिण्याजोगे फारसे नव्हतेही.

सत्यभामेची वाचा गेली त्याला आज बेचाळीस दिवस झाले. घटस्थापनेच्या सकाळी गॅसपाशी उभी होती, हातातली वाटी पडली. मी वाटीकडे पाहिले, तिच्याकडे नंतर. भंडाऱ्याच्या दवाखान्यात अकरा दिवस काढले. पाय सुधारला, हात निम्मा सुधारला, वाकडे झालेले तोंडही बरेचसे जागेवर आले. शब्द तेवढे आले नाहीत. समजते सगळे. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत जे परत येईल ते खरे, पुढचे सांगता येत नाही. म्हणजे मार्चपर्यंत. मी शाळेत छत्तीस वर्षे मराठी शिकवली. सहा महिन्यांत मी आठवीच्या दगडांकडून मंदाक्रांता म्हणवून घेतली आहे. हे तर घरचेच काम.

दवाखान्यात वाचा-उपचारासाठी एक मुलगी होती. नाव डिंपल. भाषा शिकवणारणीचे नाव डिंपल, यावरून पुढचे ओळखावे. मला म्हणते, "काका, काकू काहीही बोलल्या तरी दुरुस्त करू नका हं. फक्त पुढचं बोलत राहा." चुका दुरुस्त करू नका! मग भाषा काय झाडाला लागते? मी मान डोलावली आणि तिचा कागद पिशवीच्या तळाशी ठेवला.

खरे सांगायचे तर सत्यभामा आधीही फार बोलणारी नव्हती. म्हणजे सुरुवातीला होती. सत्त्याहत्तर साली आसगावहून लग्न होऊन आली तेव्हा पोपटीण होती नुसती. "मले तुमची आठवन येऊन राहिली होती," असे माझ्या हेडमास्तरांसमोर बोलून गेली आणि मला भुई फाटावी असे झाले. मग मी तिला घडवले. मले नाही मला, आठवन नाही आठवण, येऊन राहिली नाही येत होती. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात कविता चालीवर म्हणून दाखवायचो, ती भाकरी थापत ऐकायची. काय ते दिवस! दोन वर्षांत तिची भाषा स्वच्छ झाली. त्यानंतर ती जपून बोलू लागली. जपून म्हणजे मोजके. गावातल्या बाया म्हणायच्या, मास्तरीण शांत आहे. मला अभिमान वाटायचा.

पुराणातली सत्यभामा भांडकुदळ होती. घनश्यामाला, म्हणजे मला, ती शांत मिळाली.


गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज मोठी घटना. दुपारी जेवताना तिला ठसका लागला. डावा हात तांब्याकडे करून स्पष्ट म्हणाली, "पा... नी."

पंचेचाळीस दिवसांतला पहिला शब्द! पण शिक्षकाने आनंदात पद्धत सोडू नये. मी म्हटले, "शाबास! पण नी नाही, णी. जीभ टाळूला लाव. बाणातला ण. पा-णी." तीन वेळा म्हणून दाखवले. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच डाव्या हाताने तांब्या ओढला, अर्धा ताटात सांडला.

त्यानंतर झोपेपर्यंत एक अक्षर नाही. सुरुवात चांगली होती, चिकाटी कमी पडली. तिची. उद्या पुन्हा ण.


शनिवार, ८ नोव्हेंबर

ण झाला नाही. काहीच झाले नाही. तोंड मिटून भिंतीकडे बघते.

तिला मालिश करायला शकुनबाई येते. पलीकडच्या आळीतली, नवरा नाही, दोन बांध्यांचे, म्हणजे खाचरांचे, धान आणि बाकी लोकांची कामे. हाताला चांगली, तोंडाला मोकाट. आज तेल चोळता चोळता म्हणाली, "मास्तर, रागावसान नाई त एक गोठ सांगू का जी?"

"सांग."

"अड्याळले प्रार्थना होते. रविवारी अन् शुक्रवारी. ह्या मायले नेऊ का? माही कंबर तिथंच मोकळी झाली."

"तुझी कंबर दिवाळीनंतर कामे संपली म्हणून मोकळी झाली," मी म्हटले. "आणि तू ख्रिस्ती केव्हापासून? अंगणात तुळस आहे तुझ्या."

"तुळशीले काय तकलीफ हाय त्यात? ते आपल्या जागी, हे आपल्या जागी. तुमी त मास्तर, देवाचाबी वर्ग भरवता, हाजिरी घेता."

प्रार्थना कोण घेतो विचारले, तर कुलदीप! मला दोन मिनिटे हसू आवरेना. नव्याण्णव सालचा माझा नववीचा विद्यार्थी. मराठीत शंभरपैकी अकरा. काळ हा प्रकार या मुलाच्या डोक्यात कधी शिरलाच नाही. 'मी कोण होणार' या निबंधात याने लिहिले होते: मी मोठा झालो. मी मोटारी दुरुस्त केल्या. मायले पक्कं घर बांधून देलं. सगळे भूतकाळात! मी समासात लाल शाईने एकच शब्द लिहिला, 'केव्हा?' आणि शून्य दिले. वर्गाला वाचूनही दाखवले. पोरे लोळली होती हसून. आता तो पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो आणि फावल्या वेळात आजारी माणसे.

मी शकुनबाईला नाही म्हटले. तेव्हा सत्यभामेने शकुनबाईचा पदर डाव्या मुठीत धरला आणि सोडीना. बोटे सोडवावी लागली. म्हणजे मी सोडवली.


रविवार, ९ नोव्हेंबर

गेलो. मनिष फोनवर म्हणाला, "बाबा, आईला जायचं असेल तर जाऊ द्या ना. गोळ्या बंद नका करू, बस." तिला एकटी पाठवण्यापेक्षा डोळ्यांत तेल घालून सोबत बसलेले बरे, म्हणून गेलो. खिशात लाल पेन होता. सवय.

अड्याळच्या बाजारामागे कुलदीपच्या दुकानाला लागून टिनाचे शेड. भिंतीला उघड्या मोटारी टांगलेल्या, त्यांच्याखाली चटया. एक ढोलक, एक पेटी, तीसेक बाया, पाचसहा पुरुष. तांब्याच्या तारेचा आणि ग्रीसचा वास. पवित्र आत्म्याला यायला हीच जागा सापडली!

मला पाहून कुलदीप धावत आला, पाया पडला. चाळिशीचा झाला, पोट सुटले. "सर! तुमी आले! खुर्ची आना रे सरले." मी एकटा खुर्चीवर, बाकी सारे खाली. निदान एवढे भान त्याला आहे.

मग गाणी. वृत्त नाही, मात्रा नाही, यमकाच्या नावाने 'तारी' ला 'भारी'. मी डोळे मिटून आमच्या जुन्या शाळेतली सकाळ आठवत बसलो. कौलांतून उन्हाचे कवडसे, आणि चाळीस पोरांच्या तोंडून भुजंगप्रयात डुलत चाललेला. आता ते पाठांतर गेले, तो ताल गेला, उरली ही पेटी.

गाण्यांनंतर 'साक्ष'. म्हणजे एकेकाने उठून आपले काय बरे झाले ते सांगायचे. कुणाची खाज, कुणाचा ताप, कुणाची हरवलेली म्हैस. प्रत्येकाच्या शेवटी सगळे मिळून, "धन्यवाद!" हा शब्द आमच्या गावात कोणी वापरत नाही. स्नेहसंमेलनाच्या आभारप्रदर्शनात मी वापरायचो, हार-नारळाबरोबर. घरात कोण कुणाला धन्यवाद म्हणतो? अठ्ठेचाळीस वर्षांत मी सत्यभामेला म्हटले नाही, तिने मला नाही. आणि इथे म्हशीसाठी!

शेवटी सत्यभामेला पुढे बसवले. कुलदीपने हात वर केला, डोक्याला लावला नाही, एवढे बरे.

"येशू, तू आमच्या मायची जीभ मोकळी केली, तुले धन्यवाद. तू तिले शब्द वापस देले, तुले धन्यवाद. तू तिच्या मनातली गोठ तोंडात आनली, तुले धन्यवाद."

केली, देले, आनली. मी मोजले: एकोणीस क्रियापदे, सगळी भूतकाळी. एकदाही 'कर' नाही, 'दे' नाही. पंचवीस वर्षे उलटली तरी गाढव त्याच खुंट्याला!

संपल्यावर मी त्याला बाजूला घेतले. "अरे, मागताना आज्ञार्थ वापरतात. मोकळी कर. जे झालेच नाही त्याचे आभार कसे मानतोस?"

तो कान खाजवत हसला. "सर, मले काळ तवाबी नाई जमला. पर तुमी घरून निघताना मायले काय म्हनता? 'तू हो पुढं, मी आलोच.' आले असता का तवा? चपलाबी पायात नसते."

मी म्हटले, ती बोलण्याची लकब आहे, व्याकरण नव्हे.

"हो जी, मंग आमचीबी लकबच समजा. गोळ्या मातर टाइमावर द्या मायले. प्रार्थनेनं गोळी चुकवली त येशू मलेच इचारन."

परतताना ऑटोत सत्यभामा झोपली. तोंडावर काही तरी होते. समाधान म्हणवत नाही, पण काही तरी.


शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आज पवनीला बँकेत हयातीचा दाखला. यंत्रावर अंगठा ठेवला, यंत्र म्हणाले, जुळत नाही. दुसरा ठेवला, जुळत नाही. खिडकीतला पोरगा म्हणाला, "आजोबा, हात पुसून या." छत्तीस वर्षे खडू धरला, बोटांच्या रेषा कुठल्या उरणार? चौथ्या खेपेला मी जिवंत निघालो.

घरी आलो तर शकुनबाई अंगणात नाचायची तेवढी राहिली होती. माझ्या गैरहजेरीत सत्यभामेला घेऊन शुक्रवारच्या प्रार्थनेला जाऊन आली होती. न विचारता!

"मास्तर! माय बोलली! सबन लोकांसमोर! 'मले पानी दे' म्हने. तीन शब्द, मास्तर! मी त रडलीच."

मी चपला न काढता आत गेलो. सत्यभामा खाटेवर बसली होती, डोळे लकाकत होते. मी समोर खुर्ची ओढली. "म्हण. मला पाणी दे."

ती बघत राहिली.

"म्हण ना. तिथे म्हटलेस म्हणे. म-ला."

डोळ्यांतली लकाकी विझताना मी पाहिली, कंदिलाची वात खाली करावी तशी. तिने तोंड भिंतीकडे केले.

म्हणजे झाले ते असे: चार बायांनी कालवा केला, तिने काही तरी हुंकार दिला, आणि यांनी त्याचे वाक्य केले. चमत्कार असेच तयार होतात. सभेत एक, घरी शून्य. शकुनबाईला तोंडावर सांगितले. ती म्हणाली, "मी खोटी बोलन मास्तर, पर माय कायले खोटी बोलन?" आणि तेलाची बाटली आपटून गेली.


रविवार, २३ नोव्हेंबर

शकुनबाई राग विसरून दाराशी आली. सत्यभामेला तिच्याबरोबर प्रार्थनेला पाठवले. मी गेलो नाही. दिवसभर घर इतके शांत होते, की स्वतःच मोठ्याने कविता म्हणत बसलो. मधल्या दोन ओळी आठवल्या नाहीत. पूर्वी मी अडलो की सत्यभामा भाकरी थापता थापता पुढचा शब्द पुरवायची. 'भाळी'चा 'भाडी' करून. मी दुरुस्त करायचो आणि पुढे जायचो.


मंगळवार, ९ डिसेंबर

लिहायचे नव्हते, पण लिहितो.

आज मागच्या अंगणात सत्यभामा आणि शकुनबाई पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. मी वर्तमानपत्र घेऊन मागच्या दाराशी आलो, आणि दाराआडच थांबलो. कारण सत्यभामा बोलत होती.

"हे... किडकी. फेक."

"किडकी कोटची माय, चांगली हाय."

"नाई. पाह्य. भोक."

"हो वो, डोरे तेज हायेत तुये! बाजूच्या मोनूच्या मायनं आनल्या ना, दाने कमी, किडी जास्त."

आणि सत्यभामा हसली. तोंडाची उजवी बाजू अजून हलत नाही, पण हसली. मग म्हणाली, "माही माय... शेंगा... आसगावच्या बोडीवर..." पुढचे जुळले नाही. हाताने हवेत बोडीचे, म्हणजे तळ्याचे, पाणी दाखवले. शकुनबाईने घाई केली नाही, शब्द पुरवला नाही, दाणे सोलत राहिली. बऱ्याच वेळाने सत्यभामा म्हणाली, "...धुवाची."

मी बाहेर पाऊल टाकले. "सत्यभामा! धुवायची. बोल, बोल!"

तिने हातातली शेंग सुपात ठेवली. ओठ मिटले. दोन्ही बाया एकदम गप्प, हेडमास्तर वर्गात शिरावेत तशा.

याचा अर्थ काय लावायचा? मी दुपारभर विचार केला. अर्थ एकच निघतो. तिथे हिला पढवले आहे, की अविश्वासी माणसापुढे बोलू नये. येशूने हिला वाचा दिली ती मास्तर वगळून दिली! असा कसा देव, जो नवऱ्यापुरता संप पुकारतो? दोन महिने मी, एकट्याने, सकाळ-संध्याकाळ बाराखडी घेतली. वाट पाहिली. आणि फळ कुणाच्या झोळीत? शेंगा सोलणारीच्या!

छातीत काही तरी दुखते आहे. गॅस असावा.


शनिवार, २० डिसेंबर

अड्याळला गेलो. कुलदीपला जाब विचारायला. उद्या रविवार, गर्दी असते, म्हणून आजच.

तो मोटारीत कोपरापर्यंत हात घालून बसला होता. मागे पक्के घर आहे, दोन मजली, पोपटी रंग, डोळ्याला त्रास होतो. गच्चीवर त्याची म्हातारी पापड वाळत घालत होती. मला पाहून तिने वरूनच हात जोडले.

"सर, बसा. चाय?"

"चहा नको. सत्यभामेला काय शिकवलेस? माझ्यापुढे का बोलत नाही ती?"

त्याने हात पुसले. लगेच उत्तर दिले नाही. शाळेतही देत नसे, पण तेव्हा येत नसे म्हणून.

"आमी काईच नाई शिकवत, सर. इथं माय बोलते, आमी आयकतो, बस. चुकली त चुकली. आमालेच कोनाले येते?"

"हाच तर प्रश्न आहे!"

"होय जी," तो म्हणाला. मग मान खाली घालून, स्क्रू शोधत, "मी तुमच्यापाशी नववी झाल्यावर कदीच काई लिवलो नाई, सर. पावतीबी पोरगी लिवते. प्रार्थना तोंडी अस्ते म्हनून निभते."

आळशीपणाची अशी जाहीर कबुली मी प्रथमच ऐकली. मी तसे म्हटलेही. तो हसला. गाढव कुठला. राग म्हणून नाहीच या पोराला.

निघताना म्हणाला, "अठ्ठावीस तारखेले माय साक्ष देनार हाय. तिनंच सांगितलं. तुमी येजा सर. पर एक इनंती."

"काय?"

"लाल पेन घरी ठेवसान का जी?"

उद्धटपणा! मी उत्तर न देता निघालो. ऑटोत बसल्यावर खिशाला हात लावला. पेन होता.


रविवार, २८ डिसेंबर

पेन नेला नाही. त्याने सांगितले म्हणून नव्हे. शर्ट बदलला, त्यात राहून गेला.

नाताळ नुकताच झालेला, शेडमध्ये मोटारींना चमकीच्या पट्ट्या अडकवलेल्या. खुर्ची दिली, पण आज मी चटईवर बसलो, कारण खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता.

सत्यभामा शकुनबाईचा हात धरून उभी राहिली. हिरवे लुगडे, मीच सकाळी निऱ्या नीट केल्या होत्या. तिने काय म्हटले ते जसेच्या तसे उतरवतो. मोडलेले वाक्यही जसेच्या तसे उतरवावे, हा शिक्षकाचा नियम आहे.

"पानी... प्यालो मी. धन्यवाद."

("प्याले मी" हवे होते. असो.)

"शकुन... हात. तेल. धन्यवाद."

मग बराच वेळ काही नाही. ढोलकवाल्याने खाकरून पाहिले. कुलदीपने त्याला डोळ्यांनी गप्प केले. तीस माणसे थांबली होती आणि कोणी शब्द पुरवत नव्हते. माझ्या तोंडात दहा शब्द तयार होते. मी दात आवळले.

"मास्तर," ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाहिले. "मास्तर... रोज... कविता म्हनते. धन्यवाद."

बाया हसल्या. चांगले हसल्या. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मास्तरनं..." पुन्हा थांबली. उजवा हात थरथरत वर आला, गळ्याशी टेकला. "मास्तरनं मले... बोलू देलं. धन्यवाद."

"धन्यवाद!" शेड म्हणाले.

मी रात्रभर या वाक्यावर विचार करणार आहे असे दिसते. रचना पाहू. कर्ता मास्तर. क्रियापद देणे, भूतकाळ. पण हे घडलेलेच नाही. म्हणजे, मी तिला बोलू दिले नाही असे कधी तरी झाले आहे का? मी तर बोल बोल म्हणून मागे लागलो. अठ्ठेचाळीस वर्षे लागलो. तेव्हा बोलू दिले हे वाक्य निरर्थक आहे, कारण बोलण्याला माझी कधी मनाई नव्हती. आणि मनाई होती असे धरले, तर मग मी बोलू दिले ते केव्हा?

केव्हा?

समासात हा शब्द लिहिला आणि हात थांबला. काळ्या शाईने लिहिला आहे, तरी ओळखीचा वाटतो.

कुलदीपची लागण झाली तिला. न घडलेल्याचे आभार.


सोमवार, २९ डिसेंबर

सकाळी लवकर जाग आली. बाहेर धुके, रस्त्यावरून धान भरलेले ट्रॅक्टर जाण्याचा आवाज. सत्यभामा जागी होती. वरच्या आढ्याकडे बघत होती.

मी पडल्या पडल्या कविता सुरू केली, सवयीने, पाखरांची, फार जुनी. तिसऱ्या कडव्याशी अडलो. शब्द येईना. काहीच बोललो नाही. तसाच पडून राहिलो. पहिल्यांदाच असे झाले असेल, की शब्द आठवत नाही आणि मी चिडलो नाही. थंडी होती, त्यामुळे असेल.

किती वेळ गेला कोण जाणे. मग पलीकडून आवाज आला.

"...कोवडं."

कोवळे. कोवळे ऊन. बरोबर होते. म्हणजे चूक होते, पण बरोबर होते. ळ माझ्या जिभेच्या टोकावर येऊन बसला. किती जड असतो एक ळ! मी तो गिळला. "कोवडं ऊन," मी म्हटले आणि पुढचे कडवे म्हणून टाकले. चाल जरा डगमगली. वृत्त मोडले एका जागी. कोणी शून्य दिले नाही.

कडवे संपले तेव्हा ती उठून बसली होती.

"मास्तर."

घरात. माझ्याशी.

"मले पानी."

मी उठलो. चष्मा सापडेना, चप्पल एकच सापडली. एक पाय थंडगार फरशीवर टाकत स्वयंपाकघराकडे निघालो. मागून पुन्हा तोच आवाज, जरा उतावीळ, सत्त्याहत्तर सालचा:

"आनलं का?"

"आनलं वो, आनलं!" मी ओरडलो.

अजून माठावरचे झाकणही काढले नव्हते.

कुलदीपला हे सांगणार नाही. त्यावरही तो धन्यवाद म्हणेल.